माझ्या सहीचे इन्व्हर्टर

११ मार्च

झोप येत नाही, म्हणून लिहितेय.

सकाळी पाठक बाईंचा फोन. "सुनंदा, येताना स्कोप घेऊन ये." कशाला, ते सांगितलं नाही. धापेमुळं त्या हल्ली एका दमात एकच वाक्य बोलतात. कारखान्यातला छोटा स्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवतो तो) पिशवीत टाकला आणि रिक्षानं हर्सूल गाठलं.

बाई खुर्चीत. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. लाइट गेलेली (अकरा ते तीन, आठ दिवसांपासनं रोजचंच). मशीन इन्व्हर्टरवर चाललेलं. आमच्याच कारखान्याच्या. दिवाळीनंतर मीच घ्यायला लावला होता. "बाई, प्युअर साइन आहे, डिझाइन माझं आहे, डोळे मिटून घ्या," असं म्हणाले होते मी.

बाई म्हणाल्या, "डोळे मिटूनच ऐकतेय आठ दिवस. हा आवाज साइनचा नाही."

मशीन गुरगुरत होतं. कॉम्प्रेसरच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. स्कोप जोडला. साइनची लाट गोल हवी, पडद्यावर चौकोन. उभी भिंत, सपाट गच्ची, परत उभी भिंत.

झाकण उघडलं. आत माझा बोर्ड नाहीच. बाजारात ढिगानं मिळतो तो चौकोनी लाटेचा स्वस्तातला बोर्ड. वर निळं स्टिकर, 'प्युअर साइन वेव्ह'. आत तपासणीचं कार्ड. तपासणारे : सुनंदा कोळेकर. खाली माझी सही, रबरी शिक्का करून मारलेली.

बाई : "तू तपासला होतास?"
"नाही."
"मग सही कशी?"

ज्या बाईंनी पॉलिटेक्निकच्या लॅबमधे मला आयुष्यातली पहिली साइन वेव्ह पडद्यावर दाखवली, त्यांच्याच फुप्फुसाला मी हा डबा जोडून दिला. नलूताई (बाईंची नणंद, दोघी एकत्र राहतात) चहा घेऊन आल्या. माझ्यानं घेतला गेला नाही.

१२ मार्च

विलासराव, आमचे मालक. आजपासनं नुसते विलासराव. कार्ड त्यांच्या टेबलावर आपटलं.

ते हसले. खरंच हसले.

"अगं, तुझा बोर्ड तीनदा उडाला. ऑर्डरी थांबतात का? बायपासला बघ, सावंगीकडं बघ. नळाला पाणी नाही, घरात लाइट नाही, तरी फ्लॅट विकले जातायत. प्रत्येकाला इन्व्हर्टर पाहिजे."
"मग साइन कशाला लिहिलं?"
"लोक तेच मागतात म्हणून. बल्ब पेटतो ना? पंखा फिरतो ना?"
"माझी सही?"
"मग कुणाची मारू, वॉचमनची?"

वर म्हणतात, बाईंचा एक बदलून दे, मी नको म्हणतोय का. बाकी गावभर करू नको. विचारलं, बदलून काय देऊ? खरा आहे कुठं? तर म्हणाले, "ते तू बघ. इंजिनिअर तू आहेस."

हेच झोंबलं. कारण खरा नाहीच. कुठंच नाही.

१३ मार्च

कामावर गेले नाही. डोकं सारखं मागं जातंय.

मागच्या पावसाळ्यात (पाऊस कसला, चार शिंतोडे) माझे तिन्ही बोर्ड माझ्याच टेबलावर उडाले. चालू केला की फट्. विलासराव म्हणाले, पुण्याच्या एका माणसानं तुझं डिझाइन दुरुस्त केलंय, माल आता बाहेरनं सीलबंद येईल, तू तक्रारींचं बघ. मी मानलं. नुसतं मानलं नाही, फुगले. गावी वडिलांना, आबांना, फोन करून सांगितलं, माझं मशीन बाजारात आलंय.

आणि तक्रारी? "पंखा घुरघुरतो." "मिक्सर तापतो." मी घरोघर जाऊन सांगून आले की तुमचा पंखा जुना झालाय. एकदाही डबा उघडला नाही. सील तोडलं की वॉरंटी जाते म्हणून! माझंच तोंड फोडावंसं वाटतंय.

१५ मार्च

नोकरी सोडली. विलासराव म्हणाले, जळके बोर्ड इथंच राहतील, कंपनीचे आहेत. ठेवा म्हटलं. माझ्या दोन वह्या घेतल्या. एक डिझाइनची, एक तक्रारींची. "वह्या पण कंपनीच्या," म्हणाले. "अक्षर माझं आहे," मी म्हणाले आणि चालू लागले. ते गेटपर्यंत मागं आले. वह्यांना हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही.

बाईंकडं आता लाइट गेली की सिलेंडर. नलूताईंनी हळूच सांगितलं, सिलेंडर लवकर संपू नये म्हणून बाई स्वतःच ऑक्सिजनचा काटा कमी करून ठेवतात. बाईंना म्हटलं, असं करायचं नसतं. त्या खेकसल्या, "मग लवकर कर."

१९ मार्च

बाईंसाठी खरा साइनचा बोर्ड करायला घेतलाय, खोलीतल्या ओट्यावर काम चालू. टी.व्ही. सेंटरच्या चौकात टँकर आला की सगळं सोडून हंडे घेऊन पळायचं, मग परत सोल्डरिंग. आज टँकरपाशी एका बाईशी भांडले. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

आबांचा फोन. कन्नडकडं गुरांच्या छावण्या निघाल्यात, मेंढरांना घेत नाहीत. मेंढरं जित्राबात मोजत नाहीत वाटतं. आबा कळप घेऊन घाटाखाली उतरणार. "तू कशी हाईस?" नोकरी सोडल्याचं सांगितलं. कारणही सांगितलं. आबा म्हणाले, "लई तापू नको पोरी. पर सोडली ते बरं केलंस."

२३ मार्च

जुन्या बाजारातनं आणलेल्या ट्रान्सफॉर्मरवर नवा बोर्ड जोडला. बॅटरीच्या वायरीत मधे गाडीच्या हेडलाइटचा बल्ब घातला, म्हणजे गडबड झाली तर बल्ब पेटेल, पण बोर्ड वाचेल. ही अक्कल तेव्हा आली असती तर.

चालू केला. उडाला नाही. मीटरवर एकशे पासष्ट व्होल्ट. बल्ब उगाचच पेटलेला.

दोनशे तीस हवेत. एकशे पासष्टवर मशीन धापा टाकेल, बाईंसारखंच.

दोन तास बोर्डात शोधत बसले, आणि चूक होती साध्या गणितात. बॅटरी चोवीसची. साइनची शेंडी चोवीसला टेकते, पण कामाचा आकडा निघतो सतराच. ट्रान्सफॉर्मर गुंडाळलेला चोवीसला. मग बाहेर एकशे पासष्टच येणार! चौकोनी लाटेला चालतो तो ट्रान्सफॉर्मर साइनला चालत नाही. कारखान्यात तयार यायचा, मी कधी विचारच केला नाही. बारा वर्षं या धंद्यात!

२६ मार्च

शहागंज. रशीद चाचांचं वाइंडिंगचं दुकान. दुकान म्हणजे एक माणूस, एक हातानं फिरवायचं मशीन आणि भिंतीला टेकलेली तारेची रिळं.

चाचांनी ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन जोखला. "चौबीस का है. कितने का होना?"
"पंधरा."
"पंद्रा? बैटरी तो चौबीस की बोली तुम."
समजावून सांगितलं. बॅटरी उतरून एकवीसवर आली तरी बाहेर दोनशे तीस मिळायला हवेत, म्हणून पंधरा. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेरे कू साइन-फाइन नै मालूम. पन वोल्टेज कम, तो करंट जास्ती. तार मोटी लगती, और जगा उतनीच है. हौला काम नै होना." येडपट काम नको, असं. बरोबर. माझ्या कागदावर तारेची जाडी जुनीच राहिली होती.

विचारलं, कधी द्याल? "वार्निश सूखने दो बेटी. ऐसी धूप में दो दिन बस." छपरावर ठेवणार. या उन्हाचा एवढा एक तरी उपयोग.

निघताना विचारलं, कारखान्याचे ट्रान्सफॉर्मर तुमच्याकडनं कधी गुंडाळून घेतले होते का? म्हणाले, आले होते, ॲल्युमिनियमची तार घाला म्हणाले, मी नाही म्हटलं. "फिर नै आए."

३० मार्च

दोनशे एकतीस व्होल्ट! क्षणभर खूश. लगेच बघते तर हेडलाइटचा बल्ब ढणाढणा. बाहेर काहीच जोडलेलं नाही, तरी बॅटरीतनं करंट चाललाय कुठं? ट्रान्सफॉर्मरमधनं जाडाभरडा घरघराट. पाच मिनिटांत तापला.

म्हणजे २३ तारखेला बल्ब उगाचच पेटलेला नव्हता. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

बल्ब काढून बघावं का, एकदाच? काढला, वायर थेट जोडली. फट्. चारही मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे स्विच) गेले. अगदी तोच आवाज, मागच्या पावसाळ्यातला.

पक्कड भिंतीवर फेकून मारली. घरमालकीण विचारायला आली.

६ एप्रिल

आठवडा वाया. मॉस्फेट बदलले, वायरी आखूड केल्या, दुसरी चिप घातली. बल्ब पेटतोच.

विलासरावांनी माझ्या जागेवर कुणाला तरी घेतलं म्हणे. कार्डावर सही अजून माझीच.

नलूताईंचा फोन. काल लाइट सहा तास नव्हती. सिलेंडर संपता संपता आली. बाईंची नखं निळी पडली होती.

मी एक साधी लाट काढू शकत नाही.

९ एप्रिल

बोर्ड, वही, सगळं उचलून हर्सूलला नेलं. माझ्यानं होत नाही हे सांगायलाच गेले होते. बाईंनी सांगू दिलं नाही. "रडणार असलीस तर बाहेर जा. नाहीतर आकडे दाखव."

साइन काढायची म्हणजे चिपमधे आकड्यांची एक यादी असते. एका लाटेचे चौसष्ट तुकडे. प्रत्येक आकडा सांगतो, स्विच किती वेळ चालू ठेवायचा. कडेला थोडा, शेंडीला जास्त. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून त्याची गुळगुळीत लाट करतात. ती यादी बाईंनी मांडीवर घेतली आणि पेन्सिलीनं एकेक आकड्यावर टिंब देत गेल्या. मधेमधे थांबून श्वास घेत. पाऊण तास. मी नुसती बघत बसलेली.

"किती तुकडे म्हणालीस?"
"चौसष्ट."
"पासष्ट आहेत. वरच्या अर्ध्यात शेंडीचा आकडा दोनदा घेतलास. खालच्यात एकदाच."

कागद ओढून घेतला. खरंच. एकाखाली एक, सारखेच दोन आकडे. लाटेचा वरचा अर्धा एका तुकड्यानं जड. म्हणजे दर फेरीला ट्रान्सफॉर्मरचं लोखंड एकाच बाजूला जरा जास्त ढकललं जायचं. जरा जरा करत ते चुंबकत्वानं भरून जातं, आणि मग तार नुसती तार उरते. सगळा करंट मॉस्फेटमधनं.

वर्षभर तीच यादी या बोर्डातनं त्या बोर्डात उतरवत आले. विलासरावांची लबाडी ज्या भोकातनं आत शिरली, ते भोक मी पाडलेलं.

बाईंना तसं म्हटलं. त्या भडकल्या. "चूक तुझी आहे. लबाडी त्याची. दोन्ही एकात कालवू नकोस, त्याला सोयीचं होतं ते." एवढं बोलून खोकल्याची उबळ आली. नलूताई माझ्याकडं रागानं बघत होत्या.

११ एप्रिल

एक आकडा खोडला. चालू केला. बल्ब पेटला नाही. ट्रान्सफॉर्मर गप्प, कान लावल्यावर कळेल एवढीच गुणगुण. उसन्या आणलेल्या स्कोपवर लाट. गोल, दोन्हीकडं सारखी.

कुणाला सांगावं कळेना. रशीद चाचांना सांगून आले. "गरम होता?" नाही म्हटलं. "बस, तो अच्छा है." एवढंच. पण मला बसवून घेऊन चहा मागवला.

१७ एप्रिल

सहा दिवस खोलीत बल्ब, पंखा, जुना फ्रिज, सगळं लावून तापवून बघितला. आज बाईंकडं बसवला. अकराला लाइट गेली. मशीनचा आवाज बदलला नाही. तीन वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी कॉम्प्रेसरला हात लावत होते. कोमट.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं काहीतरी बोलतील. त्यांना झोप लागली होती. नलूताई म्हणाल्या, दुपारी झोपल्या नव्हत्या कितीतरी दिवसांत.

राग मात्र उतरत नाही. एक डबा बदलला. बाकीचे?

२१ एप्रिल

तक्रारींची वही काढून बसले. ज्यांच्या घरी जाऊन मी "तुमचा पंखा जुना" म्हणाले, ते सगळे पत्ते आहेत.

आज तिघांकडं गेले. पहिला दार अर्धवट उघडून, "चालतंय ना ताई, कशाला छेडता?" दुसऱ्याला वाटलं मी दुसऱ्या कंपनीचं विकायला आले. तिसरीनं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "मग तेव्हा का नाय सांगितलं?" तिचा नवा पंखा समोर फिरत होता, घुरघुरत. माझ्याच सांगण्यावरनं घेतलेला.

२९ एप्रिल

कन्नड. एस.टी. खच्चून भरलेली, निम्मे प्रवासी रिकामे कॅन घेऊन. वहीत तिथल्या एका खाजगी रक्ततपासणी लॅबचा पत्ता होता. तक्रार : 'मशीन चुकीचे आकडे दाखवतं.' त्या वेळी मी फोनवरच "मशीनवाल्याला विचारा" म्हणून मोकळी झाले होते.

लॅबमधे आमचा डबा टेबलाखाली. वर निळं स्टिकर. मशीन नवीन. जुनं जळलं, असं तिथला माणूस म्हणाला. कशानं? "इथं एक पोरगी होती, सविता. तिनं नीट हाताळलं नाय. डॉक्टरांनी काढून टाकली."

सविताचं घर शोधलं. धनगरवाड्यातच निघालं, आबांना ओळखणारी माणसं. ती रोजगार हमीच्या कामावर गेली होती. दुपारी आली, तोंडाला फडकं, हातात पाटी. बाविशीची असेल. लॅबचा कोर्स केलेला.

सगळं सांगितलं. तिनं पाटी खाली ठेवली.

"म्हंजी माझ्यामुळं नाय जळालं?"
"नाही."
"मी चार महिने झाले इचार करतीय, कुठलं बटन चुकलं असंल."

मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "माफीचं ऱ्हाऊ द्या. हे डॉक्टरसायबाला सांगताल का? माझ्यासमोर?"

३ मे

लॅबच्या डॉक्टरांना पत्र पाठवलं. काय झालं, कसं झालं, माझी चूक कुठं, कारखान्याची लबाडी कुठं. बाईंनी दोनदा परत लिहायला लावलं. "विशेषणं काढ. आकडे ठेव."

१० मे

विलासराव खोलीवर आले. स्वतः. पेढे घेऊन.

त्यांना कळलंय की माझा बोर्ड चालतो. कुणी सांगितलं देव जाणे. म्हणाले, "भागीदारी देतो. आता खरे साइनचे बनवू. जुने हळूहळू बदलून टाकू."
"हळूहळू म्हणजे?"
"तक्रार आली की."
"तक्रार कोण करणार? मीच सगळ्यांना पंखा जुना म्हणून सांगून आलेय."
ते परत हसले. तेच हसू. मग आवाज खाली आणून म्हणाले, ते कन्नडचं पत्र मागं घे, उगाच तूच अडकशील, कार्डावर नाव तुझं आहे.

पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात परत दिला. ते गेल्यावर दाराला आतनं कडी घातली. खरं सांगायचं तर भागीदारी हा शब्द ऐकून आत काहीतरी हललं होतं. त्याचा राग वेगळाच.

१६ मे

सविताचा फोन. डॉक्टरांनी पत्र वाचून आधीच विलासरावांना फोन केला होता. गुरुवारी अकराला विलासरावांना, मला आणि तिला, तिघांनाही बोलावलंय. इन्व्हर्टर सगळ्यांसमोर उघडणार म्हणाले. विलासराव वकील आणणार आहेत म्हणे, आणि पुण्याचा तो माणूसही. म्हणजे तो खरंच आहे?

"ताई, याल ना?" तिनं तीनदा विचारलं.

२१ मे, बुधवार

स्कोप परत उसना मिळाला. पिशवी भरून ठेवली.

संध्याकाळी हर्सूलला सांगायला गेले. बाई म्हणाल्या, "मी येते."

मला वाटलं चेष्टा. "तो पुण्याचा माणूस तुला तोंडानं दडपेल. मला दडपून दाखवू दे." घाटमाथा, त्रेचाळीसचं ऊन, दोन तासांचा रस्ता. बाईंच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी साफ नाही सांगितलं. बाईंनी फोन हातातनं घेऊन त्यांना सुनावलं, एकेक शब्द, मधे श्वास. नलूताई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, तूच सांग तिला, तुझं ऐकेल. माझं कधी ऐकलंय त्यांनी?

दोन सिलेंडर भरून आलेत. बाईंनी पांढरी सुती साडी काढून खुर्चीच्या पाठीवर घालून ठेवलीय.

विलासरावांचे सकाळपासनं चौदा फोन. उचललेले नाहीत.

गाडीवाल्याला उद्या सकाळी सात वाजता यायला सांगितलंय. त्यानं विचारलं, माणसं किती? थोड्या वेळानं कळवते म्हणाले.

अजून कळवलेलं नाही.